बाथरूम नवीन करायचंय, बजेट ८० हजार, पण दिसायला छान हवंय

मधुमालती
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा फ्लॅट आहे, बिल्डिंग १९९४ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. संडास-बाथरूम एकत्रच, ४ बाय ७ फूट. टाइल्स त्याच काळातल्या, फिकट गुलाबी, मधेमधे फुलं, ५ फुटांपर्यंतच आहेत आणि वर ऑइलपेंट. फरशी ओली झाली की घसरते आणि घरात सासूबाई आहेत ७२ वर्षांच्या, त्यामुळे आता टाळायचं नाही असं ठरवलंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला एका कोपऱ्यात पोपडे आलेत तेही आहे. एका कॉन्ट्रॅक्टरने १ लाख ६० हजार सांगितले, आमच्याकडे आहेत ८०, फार ताणलं तर ८५.

विचारायचं हे की सगळं तोडायलाच हवं का, की जुन्या टाइल्सवरच नवीन लावता येतात? आणि एवढ्या पैशात ते छान दिसेल असं काय काय करता येईल? नुसतं स्वच्छ आणि पांढरं नकोय हो, आत गेल्यावर बरं वाटलं पाहिजे.

रानजाई
टाइलवर टाइल लाव, डोळे मिटून. आम्ही ठाण्यात केलं, धूळ नाही, ठोकाठोकी नाही, खालचे-वरचे कोणी भांडायला आले नाहीत. त्यासाठी वेगळा ॲढेसिव्ह मिळतो, साधं सिमेंट चालत नाही. तोडफोडीचे आणि रॅबिट (तोडफोडीचा मलबा) उतरवायचे सगळे पैसे वाचले. लिफ्ट नसेल तर गोणीमागे मजुरी घेतात आणि तिसरा मजला म्हणजे कठीण आहे.

ओळंबा
रानजाई, तुमच्या खाली गळत नव्हतं म्हणून ते चाललं. इथे खाली पोपडे आलेत, मग वरून टाइल चिकटवणं म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी.

मधुमालतीताई, मी सिव्हिलमध्ये आहे, जुन्या बिल्डिंगांच्या रिपेअरचीच कामं करतो म्हणून सविस्तर लिहितो. एक हातोडासुद्धा मारायच्या आधी गळती कुठून आहे ते शोधा, ते जवळपास फुकटात होतं. नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाचं) तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिक लावून घट्ट बंद करा, बाथरूममध्ये दीड-दोन इंच पाणी भरा, त्यात कपड्यांची नीळ टाका आणि २४ तास तसंच ठेवा. खाली निळसर डाग आला तर पाणी फरशीतून किंवा ट्रॅपच्या जोडातून जातंय. काहीच आलं नाही, पण पाणी सोडून दिल्यावर आलं तर खालचा ड्रेनचा पाइप. आणि ओल चोवीस तास सारखीच, आंघोळ करा नाहीतर करू नका, तर भिंतीतल्या नळाच्या पाइपावर संशय घ्या. त्या काळात जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप टाकायचे आणि तीस वर्षांत ते आतून गंजून बारीक होतात. तुमच्या नळाला सकाळी सकाळी आधी तांबूस पाणी येतं का?

आता पैशाचं. तुमच्या मापाने ७ फुटांपर्यंत टाइल लावली तर भिंती दार वजा करून साधारण १३६ स्क्वेअर फूट, जमीन २८, म्हणजे १६४. कापाकापीचे १० टक्के धरून १८० घ्या. ४५ रुपये फुटाची टाइल घेतली तर ८,१०० रुपये आणि ११०ची घेतली तर १९,८००. फरक पावणेबारा हजारांचा. लावायची मजुरी दोन्हीला सारखीच. म्हणून माझं म्हणणं असं की टाइल स्वस्तातली घ्या आणि ते पावणेबारा हजार टाइलच्या मागे घाला, वॉटरप्रूफिंग आणि सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपात. पुढे दहा वर्षांनी टाइल बदलायची लहर आली तर बदलता येते, पाइप बदलायला परत सगळं उकरावं लागतं.

चिंचपेटी
मला पाइप-बिइप कळत नाही पण दिसण्याबद्दल सांगते. ४ बाय ७ मध्ये भरमसाट डिझाईन नको. हल्ली दुकानात 'हायलायटर' म्हणून फुलापानाची, शंखशिंपल्याची टाइल गळ्यात मारतात, ती तर मुळीच घेऊ नकोस. तीन भिंतींना एकच साधा रंग, मॅट फिनिश, आणि शॉवरच्या मागच्या भिंतीला एक ठसठशीत रंग, बाटलीसारखा हिरवा किंवा वीटकरी. आमच्याकडे हिरवा आहे, येणारा प्रत्येक जण विचारतो.

आणि आरसा मोठा. मेडिसिन कॅबिनेटवाला चिमुकला नको. काचवाल्याकडून २ बाय ३ फुटांचा साधा ५ एमएमचा आरसा कडा पॉलिश करून घे, ब्रँडेड आरशापेक्षा खूपच स्वस्त पडतो आणि खोली एकदम मोठी वाटते. लाइट वॉर्म व्हाइट लाव, आरशाच्या वर किंवा बाजूला. छताच्या मधोमध पांढरी ट्यूब असली की कितीही महाग बाथरूम स्टेशनवरचं वाटतं.

पेठेतला_अमेय
+१ लाइटबद्दल.

५ फुटांपर्यंतच टाइल आणि वर वॉटरप्रूफ पेंट हा प्रकार सध्या खूप चालतो. फक्त शॉवरच्या कोपऱ्यात ७ फूट न्यायची. पैसेही वाचतात.

ओळंबा
अमेय, दिसायला छान आहे हे मान्य, पैसे मात्र नावापुरते वाचतात. शॉवरकडच्या ४ + ३ + ३ फुटांना ७ची उंची म्हणजे ७० स्क्वेअर फूट, बाकी साडेनऊ फूट भिंतीला ५ची म्हणजे साडेसत्तेचाळीस. एकूण झाले ११७-११८. वाचले १९ फूट. ४५च्या टाइलला हजार रुपयेसुद्धा नाहीत. रंगाचा खर्च त्यात गेला. आवडत असेल तर करा, बचत म्हणून करू नका.

पेठेतला_अमेय
हिशोब पटला. मग आवड म्हणूनच सुचवतो :) वर रंग असला की खोली मोकळी वाटते आणि दोन वर्षांनी रंग बदलून नवी करता येते. सगळीकडे छतापर्यंत टाइल्स असल्या की मला हॉस्पिटलमध्ये गेल्यासारखं होतं.

कुंभारवाडा
टाइल्सच्या खरेदीबद्दल. प्रीमियम, स्टँडर्ड, कमर्शियल अशा ग्रेड असतात, बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचा. दुकानदाराला 'डेड स्टॉक दाखवा' असं स्पष्ट म्हणायचं. मोठ्या साइटवरून उरलेल्या, बंद झालेल्या डिझाईनच्या २०-२५ पेट्या त्यांच्याकडे पडून असतात आणि छोट्या बाथरूमला तेवढंच लागतं. मात्र दोन गोष्टी बघायच्या. सगळ्या पेट्यांवर बॅच नंबर आणि शेड नंबर एकच हवा, नाहीतर भिंतीवर पट्टे दिसतात. आणि दोन-चार टाइल काढून एकमेकींवर पालथ्या ठेवून कडा जुळतात का, मधे बाक आहे का बघायचं. बाक असला की मिस्त्री कितीही चांगला असो, सांधा वरखाली होतोच. पेटीभर टाइल जास्त घेऊन माळ्यावर ठेवून दे, तेच डिझाईन नंतर मिळत नाही.

आणि १२ बाय १८ची टाइल घे. २ बाय ४च्या मोठ्या स्लॅब घेतल्या तर छोट्या जागेत कापाकापीत बरीच टाइल वाया जाते, शिवाय तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवताना फुटते.

आबोली_फोंडा
गोव्यातून सांगतेय. आमचं घर चिऱ्यांचं, पाऊस म्हणजे चार महिने भिंती ओल्याच. आम्ही सगळी टाइल साधी पांढरी घेतली आणि वॉशबेसिनच्या वर फक्त हाताने रंगवलेल्या अझुलेजोचे (पोर्तुगीज पद्धतीच्या टाइलचे) सहा तुकडे लावले, निळे-पांढरे. एकेक टाइल महाग असते खरी, पण लागतात किती थोड्या! सगळी नजर तिथेच जाते आणि बाकीचं साधेपण उलट उठून दिसतं. एखादी जागा निवडून तिथेच लाड करायचे, असं मला वाटतं.

दमट हवेत नळ, स्क्रू, टॉवेलचा दांडा हे स्टेनलेस ३०४चं किंवा पितळेवर क्रोम केलेलं बघून घ्या. हलक्या धातूवरचं क्रोम एका पावसाळ्यात फोड येऊन निघतं.

खडीसाखर
काळे मॅट नळ! इन्स्टावर जिकडे तिकडे तेच. सुंदर दिसतात. मधुमालती, घे घे.

नळदमयंती
बोअरचं पाणी असेल तर बिलकुल घेऊ नको. काळ्यावर क्षाराचे पांढरे ठिपके रोज दिसतात, घासलं तर मॅट कोटिंग जातं. क्रोमवर लिंबू फिरवून फडक्याने पुसलं की संपलं. आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी एक वेळ आणि बाकी बोअर, तिथे काळे नळ लावलेले लोक आता परत क्रोमवर आलेत.

(नाव बघून हसू नका, नवऱ्याचा प्लंबिंग मटेरिअलचा धंदा आहे.)

खडीसाखर
नळदमयंती!! नावाला पैकीच्या पैकी मार्क.

वेंगुर्लेकर
शेल्फसाठी कडप्पा लावा. कोनाड्यात, खिडकीच्या कट्ट्याला, बेसिनखाली. काळाभोर दिसतो, स्वस्त मिळतो. आमच्या गावच्या न्हाणीघरात अख्खा खाली कडप्पा होता, कोपऱ्यात तांब्याचा बंब, वर कौलातली एक काच आणि त्यातून उन्हाचा पट्टा सरळ घंगाळात. एवढं देखणं बाथरूम मी नंतर कुठल्या हॉटेलात पाहिलं नाही.

ओळंबा
काका, कडप्पा चुनखडीचाच दगड. संडास साफ करायचं ॲसिड त्यावर सांडलं की पांढरे चट्टे पडतात आणि जात नाहीत. एकत्र बाथरूममध्ये ग्रॅनाइट बरा. किचन ओट्यातून उरलेल्या ९-१० इंच रुंदीच्या पट्ट्या ग्रॅनाइटवाल्याकडे पडलेल्या असतात, तो वजनावारी देतो म्हणा ना. कोनाड्याला, उंबऱ्याला तेवढी पुरते. कोनाड्याचा तळ बाहेरच्या बाजूला जरासा उतरता ठेवायला सांगा, नाहीतर साबणाचं पाणी आतच साठतं.

वेंगुर्लेकर
हे माहीत नव्हतं. गावाला ॲसिड कधी वापरलंच नाही, राख आणि काथ्या, बस.

चिंचपेटी
काका, त्या घंगाळाचं काय झालं? असेल तर फेकू नका. माझ्या भावाने नाशिकला आजीच्या घंगाळाचं बेसिन केलं. तळाला मधोमध होल मारून ३२ एमएमचं वेस्ट कपलिंग बसवलं, खाली-वर रबराचा वॉशर, आणि सागवानी पाटावर ठेवलं. आतून पितांबरीने घासावं लागतं अधूनमधून, नाहीतर हिरवट होतं. पण काय दिसतं!

वेंगुर्लेकर
आहे ना, बंबसुद्धा आहे. घंगाळाला होल मारायचं मन होणार नाही पण. आमची आई त्यात पाणी विसणायची.

सातासमुद्रा
न्यू जर्सीहून. इथे प्लंबरचा तासाचा दर बघून माणूस स्वतःच पान्हा हातात घेतो. म्हणून आम्ही बदलण्यासारखं तेवढंच बदललं. नळ, आरसा, लाइट, कपाटाचे हँडल आणि रंग, टब तसाच ठेवून त्यावर नवीन कोट. पण आईबाबांचा नाशिकचा फ्लॅट व्हिडिओ कॉलवरून करून घेतला तेव्हा कळलं की भारतात हिशोब उलटा आहे. मजुरी त्यामानाने परवडते आणि फिटिंग्ज महाग वाटतात. म्हणून तिथे मेहनतीच्या गोष्टी करून घ्याव्यात, कोनाडा, भिंतीला झिरी मारून पाइप आत, उतार व्यवस्थित, आणि वस्तू मोजक्या घ्याव्यात.

मिस्त्रींशी जे ठरेल ते एका कागदावर लिहून सही घ्या, मजुरी वेगळी की मटेरिअलसकट हे त्यात असू दे. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा हप्ता पाण्याची टेस्ट झाल्यावर.

रानजाई
हे मात्र शंभर टक्के. आमचा मिस्त्री 'उद्या येतो' म्हणाला की आम्ही कॅलेंडरमध्ये दोन दिवस पुढे खूण करायचो :D माणूस कामाला सोनं होता पण.

मधुमालती
बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. नळाला सकाळी तांबूस पाणी येतं, हो. मला वाटायचं टाकी घाण असेल. नीळ टाकून टेस्ट शनिवारी करतो, काकूंना सांगितलंय. एक सांगायचं राहिलं, आत गॅस गीझर आहे, खिडकीच्या बाजूला, तो तसाच ठेवायचाय म्हणजे तेवढा खर्च नको.

डॉ_शेवंती
मधुमालती, बाकी काही झालं नाही तरी चालेल पण तो गीझर आधी बाहेर काढ. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि माणूस दाराची कडी काढायच्या आत पडतो. थंडीत खिडकी लावून आंघोळ करणाऱ्यांच्या बाबतीत हे दर हिवाळ्यात घडतं. तुमच्याकडे म्हातारं माणूस आहे, जास्त वेळ लागतो त्यांना. लूव्हरची खिडकी उघडी आहे म्हणून भागत नाही.

ओळंबा
डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. ताई, किचनची बाल्कनी भिंतीला लागून असेल तर गीझर तिथे मोकळ्या हवेत लावा आणि तिथून गरम पाण्याची सीपीव्हीसी लाइन आत आणा, नाहीतरी पाइप नवीन टाकायचेच आहेत. बाल्कनी बंद करून घेतलेली असेल तर मात्र विजेचाच घ्या, १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच). स्विच बाथरूमच्या बाहेर.

कुंभारवाडा
सासूबाईंसाठी दोन गोष्टी बजेटमध्ये धरच. खाली अँटिस्किड टाइल, १ बाय १ची. लहान टाइलला सांधे जास्त म्हणून पकड मिळते आणि नहाणीकडे चारी बाजूंनी उतार काढणं सोपं जातं. आणि कमोडशेजारी एक स्टीलचा दांडा, भिंतीत चांगल्या अँकर फास्टनरने बसवलेला. तोल गेला की माणूस टॉवेलचाच दांडा पकडतो आणि तो उखडून हातात येतो.

नळदमयंती
कमोड घ्यायच्या आधी मागच्या भिंतीपासून ड्रेनच्या होलच्या मध्यापर्यंत अंतर मोजून ने. एस ट्रॅपचे (खाली जमिनीत निचरा होणारे) ४ इंची, ९ इंची, १२ इंची असे वेगवेगळे येतात. आणि मोजताना नवीन टाइलची जाडी त्यातून वजा कर. दुकानात रोज कोणीतरी परत करायला येतं, हे न मोजल्यामुळे.

पेठेतला_अमेय
सोसायटीचं काय? गळती असेल तर खर्च कोणाचा?

ओळंबा
आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती त्या सभासदाची जबाबदारी. कॉमन पाइपलाइन आणि पावसाचं बाहेरून येणारं पाणी सोसायटीचं. कामाच्या आधी सोसायटीला पत्र द्यायचं, कामाची वेळ विचारायची. रॅबिट कुठे टाकणार तेही आधीच ठरवा.

मधुमालती
अपडेट देते. नीळ टाकून पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर नहाणी ट्रॅपच्या बरोबर खाली हाताच्या पंजाएवढा निळा डाग. म्हणजे फरशीकडूनच आहे. मग रानजाई आणि ओळंबा, तुम्हा दोघांचं अर्धं अर्धं घेतलं :) जमीन पूर्ण तोडायची आणि शॉवरची भिंत तोडायची, सगळे नवीन पाइप त्याच एका भिंतीतून. बाकीच्या भिंतींवर मिस्त्रींनी नाण्याने टकटक करून बघितलं, एक-दोन टाइल सोडल्या तर पोकळ आवाज नाही, म्हणून तिथे जुन्यावरच नवीन, ५ फुटांपर्यंत, वर रंग.

हिशोब असा बसलाय: तोडणं आणि रॅबिट ९ हजार, वॉटरप्रूफिंग ११, प्लंबिंग मजुरीसकट १४, टाइल्स ८, ॲढेसिव्ह आणि ग्राउट (टाइलचे सांधे भरायचं) ५, टाइल लावायची मजुरी १४, कमोड ७, नळ-शॉवर आणि दांडा ८, वायरिंग आणि एक्झॉस्ट ५, आरसा, लाइट, रंग मिळून ३. झाले ८४. गीझर किचनच्या बाल्कनीत जातोय, ती उघडीच आहे. मनात असलेलं काचेचं पार्टिशन आणि काळे नळ यादीतून गेले. शॉवरची भिंत गडद हिरवी, चिंचपेटीचं ऐकून, कल्याणला एका दुकानात डेड स्टॉकमध्ये ९ पेट्या एकाच बॅचच्या मिळाल्या. सासूबाईंना हिरवा फार आवडला, त्यांनीच हट्ट धरला म्हणा ना.

रानजाई
मस्त! अर्धा मान मिळाला, तेवढा पुरे मला. टाइलवर टाइल लावताना आधी जुन्या टाइलला टाचे मारून घ्यायला सांग आणि साबणाचा थर घासून काढ. आणि दाराच्या चौकटीकडे जाडी वाढते, तिथे ग्रॅनाइटची पट्टी फिरवून घे म्हणजे कड उघडी दिसत नाही.

ओळंबा
चांगला निर्णय. आता जमीन उघडली की हे बघा. आतली जुनी भर ओली असेल तर काढून टाका, तीच परत भरू देऊ नका. ट्रॅप नवीन, त्याच्याभोवती सिमेंट ग्राउट नीट भरलेलं हवं. कोपरे गोलसर करून त्यावर जाळी, मग पॉलिमरचे दोन कोट, पहिला आडवा तर दुसरा उभा, भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरकडे ६ फुटांपर्यंत. वाळल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवायचं. मिस्त्री म्हणतील एक दिवस पुरे, ऐकू नका. काकूंकडे कोरडं आहे हे बघितल्याशिवाय एकही टाइल लागता कामा नये. पाइपांनाही प्रेशर टेस्ट टाइलच्या आधीच.

उतार ८ फुटांना १ इंच ह्या हिशोबात, म्हणजे तुमच्याकडे लांब बाजूला जेमतेम पाऊण-एक इंच. टाइल लागल्यावर एक बादली दाराजवळ ओता आणि कोपऱ्यात पाणी कुठे थांबतंय का बघा.

चिंचपेटी
हिरव्या टाइलला ग्राउट पांढरं नको गं, त्याच रंगाच्या जवळचं किंवा राखाडी घे. शॉवरच्या भागात तरी एपॉक्सी घे, महाग आहे पण काळं पडत नाही. आणि वरच्या रंगाला बदामी छटा बघ, वॉर्म लाइटमध्ये हिरव्याशेजारी छान दिसते.

मधुमालती
एपॉक्सीचं विचारलं, फक्त शॉवरच्या भिंतीला आणि जमिनीला घेतोय, बाकी साधं. बदामी नक्की. सोमवारपासून तोडायला सुरुवात, पाणी भरलं की फोटो टाकते.

आबोली_फोंडा
कल्याणचं ते दुकान कुठलं ते मला मेसेज कर ना, बहीण बदलापूरला आहे, तिलाही करायचंय.